उन्हाळी ट्रोलिंगमध्ये क्रॅपी लागेनाशी होते तेव्हा: जिवंत मिनो की क्रँकबेट?

ट्रोलिंग, म्हणजे चालत्या होडीतून आमिष पाण्यातून नेत गरवणे, करणाऱ्यांकडून दरवर्षी जूनच्या मध्यानंतर एकच तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते. एप्रिलमध्ये जिवंत मिनो (आमिषाचे छोटे मासे) लावलेल्या गळाच्या काठ्या एकीमागून एक वाकत होत्या. आता त्याच तलावात, त्याच होडीतून, त्याच मिनोवर सकाळपासून दुपारपर्यंत जेमतेम दोन-चार क्रॅपी (अमेरिकेतल्या गोड्या पाण्यातला एक मासा) लागतात, मधल्या वेळात कॅटफिश आणि ड्रम हे दुसरे मासे आमिष फस्त करतात आणि ऊन चढेपर्यंत बादलीतले निम्मे मिनो पोट वर करून तरंगू लागतात. कोणीतरी क्रँकबेट, म्हणजे ओढले की थरथरत जाणारे माशासारखे कृत्रिम आमिष, ओढून पाहायला सुचवते. ते आणले की एखादा दिवस उत्तम जातो, पण पुढच्या आठवड्यात त्यांनाही काही लागत नाही. मग पुन्हा मिनो, पुन्हा क्रँकबेट, मग रंगांची अदलाबदल आणि शेवटी तलावच बदलणे, असा फेरा सप्टेंबरपर्यंत चालू राहतो.

या फेऱ्यातून बाहेर पडायचे असेल तर प्रश्नांचा क्रम बदलावा लागतो. जिवंत की कृत्रिम हा प्रश्न खोली आणि वेग या दोन प्रश्नांनंतर येतो, आणि त्या दोहोंची उत्तरे मिळाली की आमिषाची निवड बहुतेक वेळा आपोआप होते.

येथे मुख्यतः अमेरिकेच्या मिसिसिपी राज्याच्या उत्तर भागातील आर्काबुटला, सार्डिस, एनिड आणि ग्रेनेडा हे चार तलाव डोळ्यांसमोर ठेवले आहेत, कारण मेम्फिस परिसरातून गरवायला जाणाऱ्यांना हेच जवळ पडतात. याझू नदीला मिळणाऱ्या प्रवाहांवर आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सने (अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाने) पूरनियंत्रणासाठी बांधलेली ही धरणे १९४० ते १९५४ या काळात पूर्ण झाली. पावसाळी पूर सामावून घेण्यासाठी शरद ऋतूत त्यांचे पाणी उतरवले जाते आणि वसंतात पुन्हा चढू दिले जाते. त्यामुळे पाणी बऱ्याच भागांत उथळ, गढूळ आणि वाऱ्याने सतत घुसळले जाणारे असते. अशा पाण्यात पांढरी क्रॅपी काळ्या क्रॅपीपेक्षा चांगली तग धरते. पांढऱ्या क्रॅपीचा जागतिक विक्रम याच एनिड तलावातला आहे. ५ पौंड ३ औंसांची ती क्रॅपी ३१ जुलै १९५७ रोजी लागली, म्हणजे ऐन उन्हाळ्यात. मोठी क्रॅपी उन्हाळ्यात खाणे सोडते असे मानणाऱ्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी. ती खाते, आणि पाणी गरम असल्याने तिच्या शरीराची अन्नाची गरज वाढलेलीच असते; बदलते ते तिचे राहण्याचे ठिकाण आणि भक्ष्य टिपण्याची रीत.

आधी खोली

वसंतात पाणी १६ ते २० अंश सेल्सिअसच्या आसपास असताना क्रॅपी अंडी घालण्यासाठी काठाजवळ, झुडपांच्या आणि खुंटांच्या आधाराने येते. तेव्हा तिच्यासमोर मिनो हलकेच लोंबता ठेवला तरी पुरते. अंडी घालून झाल्यावर ती खोल पाण्याकडे परतते, आणि जूनपासून तिचा बराचसा वेळ जुन्या नदीपात्राच्या कडेला किंवा त्याच्या वर अधांतरी तरंगण्यात, शॅडच्या थव्यांमागे फिरण्यात जातो. शॅड हा आपल्याकडच्या पाला (हिल्सा) माशाच्या गोत्यातला लहान, चंदेरी मासा असून उन्हाळ्यात त्याची नवी पिल्ले पाण्यात अमाप असतात. बादलीतल्या एका मिनोला अशा वेळी हजारो शॅडपिल्लांशी स्पर्धा करावी लागते, हे मिनो अचानक निष्प्रभ वाटू लागण्याचे एक खरे कारण आहे.

खाली जाण्याची सीमा ठरवतो तो प्राणवायू. दहा अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११.३ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. तीस अंशांवर हे प्रमाण साडेसातच्या आसपास येते. शिवाय खोल तलावांत वरचे गरम पाणी आणि तळचे थंड पाणी यांच्यामध्ये थर्मोक्लाइन नावाचा सीमाथर तयार होतो. त्याखालच्या पाण्याला हवेचा स्पर्श होत नाही, तळाशी कुजणारा पाला उरलासुरला प्राणवायू संपवतो, आणि ऑगस्टपर्यंत तेथे मासा थांबू शकत नाही अशी अवस्था येते. म्हणून तीस फूट खोल पाण्यात तळापासून हातभर वर मिनो सोडून बसणारा माणूस अनेकदा निर्जीव पाण्यात गरवत असतो. फिशफाइंडरची (पाण्याखालचे मासे पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राची) संवेदनक्षमता वाढवली तर हा सीमाथर पडद्यावर धुरकट आडव्या पट्ट्यासारखा दिसतो. आमिष त्याच्या वर ठेवावे. उथळ आणि वारेमाप घुसळल्या जाणाऱ्या भागांत असा पट्टा टिकत नाही. तेथे शॅडचे ढग कोणत्या खोलीवर दिसतात, तेच प्रमाण मानावे.

क्रॅपीचे डोळे डोक्यावर उंच बसवलेले असतात आणि ती बहुधा वरच्या दिशेने झेप घेऊन खाते. पडद्यावर मासे बारा फुटांवर दिसत असतील तर आमिष दहा किंवा अकरा फुटांवरून गेले पाहिजे. ते चौदा फुटांवरून गेले तर ते तिला दिसण्याचीच शक्यता कमी, मग ते जिवंत असो वा प्लास्टिकचे. आमिष बदलण्यापूर्वी ही एक गोष्ट तपासावी, एवढा आग्रह मी प्रत्येकाकडे धरतो.

मग वेग, आणि वेगातून आमिष

मिनो आणि क्रँकबेट यांतला खरा फरक वेगाचा आहे. होडीच्या नाळेवर बारा ते सोळा फुटी काठ्या पंख्यासारख्या पसरून, दोन गळ आणि त्यांच्यामध्ये अर्ध्या औंसाचे शिसे अशा मांडणीने मिनो ढकलत नेण्याची जी पद्धत आहे, तिचा वेग ताशी ०.३ ते ०.८ मैल असतो. क्रँकबेट मागून ओढण्याचा वेग ताशी १.५ ते २ मैल असतो. या दोहोंच्या मध्ये, ताशी एक मैलाच्या आसपास, लांब तंगुसावर हलके जिग (डोक्याशी शिसे ओतलेले गळ) ओढण्याची तिसरी पद्धत बसते. प्रत्येक आमिषाला त्याचा वेग असतो आणि त्या वेगाबाहेर ते नेले की ते आमिष राहत नाही.

ताशी दीड मैलाने ओढलेला मिनो पोहत नाही, गरगर फिरतो, थोड्या वेळात मरतो आणि तंगुसाला पीळ घालतो. त्याहून गंभीर बाब अशी की शिशाच्या भाराने खाली जाणारी मांडणी वेग वाढताच वर उचलली जाते. तीस फूट तंगूस सोडला आणि तो पाण्यात ४५ अंशांनी तिरपा झाला तर गळ तीस फुटांवर नसून सुमारे एकवीस फुटांवर असतो. प्रत्यक्षात तंगुसाला बाकही येतो, त्यामुळे हा हिशेब ढोबळच समजावा. क्रँकबेटचे वागणे याच्या नेमके उलट असते. ते मुळात तरंगणारे असून पुढच्या पारदर्शक जिभेवर पाण्याचा दाब आला की खाली जाते, आणि ट्रोलिंगच्या नेहमीच्या वेगमर्यादेत त्याची खोली फारशी बदलत नाही. होडी थांबली की मिनो तळाला जाऊन बसतात आणि कॅटफिशच्या तोंडी लागतात. क्रँकबेट मात्र वर तरंगून येतात.

एकाच होडीत अर्ध्या काठ्यांना मिनो आणि अर्ध्यांना क्रँकबेट लावून दोहोंची तुलना करणे याच कारणाने व्यर्थ ठरते. ताशी एक मैल ही तडजोड केली की मिनो वर उचलले जातात, क्रँकबेट नीट थरथरत नाहीत आणि दोन्ही आमिषे खराब असल्याचा चुकीचा निष्कर्ष निघतो. तुलना करायचीच असेल तर नदीपात्राच्या एकाच कडेवरून आधी एका पद्धतीने आणि मग दुसऱ्या पद्धतीने, एकाच खोलीवर, ज्याच्या त्याच्या वेगाने फेरी करावी.

वेग जीपीएसवर वाचताना एक सावधगिरी हवी. जीपीएस जमिनीच्या संदर्भातला वेग दाखवते, पाण्याच्या संदर्भातला नाही. टेनेसी नदीवरील केंटकी लेकसारख्या जलाशयात वीजनिर्मितीसाठी पाणी सोडले जात असताना प्रवाहाबरोबर ताशी दीड मैलाने जाणारा क्रँकबेट जवळजवळ मेल्यासारखा असतो आणि तोच वेग प्रवाहाविरुद्ध अतिशय जास्त ठरतो. एका दिशेने जाताना मासे लागतात आणि परतताना लागत नाहीत, ही तक्रार बहुधा येथूनच उद्भवते. अशा वेळी आकड्यापेक्षा काठीच्या टोकाच्या थरथरीवर भरवसा ठेवावा.

होडी वळवतानाही चांगली माहिती मिळते. वळणाच्या बाहेरच्या बाजूच्या काठ्यांचा वेग वाढतो, आतल्या बाजूच्या मंदावतात. वळणावर बाहेरच्या काठ्यांना मासे लागत असतील तर सरळ रेषेत थोडा वेग वाढवून पाहावा. आतल्या बाजूला लागत असतील तर कमी करावा. मात्र आतल्या क्रँकबेटची पकड सैल पडून तो वर आलेला असण्याचीही शक्यता असते, म्हणून मासे कदाचित वर असतील, हा पर्यायही तपासावा.

मिनो मरत असतील तर

उन्हाळ्यात जिवंत आमिष नापास ठरते त्याचे सर्वांत साधे कारण म्हणजे ते जिवंत राहिलेले नसते. दुकानातील गोल्डन शायनर किंवा फॅटहेड मिनो थंड ठेवलेल्या टाकीत असतात. दक्षिणेतील आमिष-मत्स्यशेतीचे मोठे केंद्र आर्कान्सॉमधील लोनोक परिसर आहे आणि तेथून मिनो दूरवर पोहोचतात. ते मुळात नाजूक नसतात. पण थंड टाकीतून काढून तीस अंशांच्या तलावाच्या पाण्यात त्यांना ओतले की तापमानाच्या धक्क्याने ते दुर्बळ होतात, आणि त्या गरम पाण्यात प्राणवायूही कमीच असतो. दर तासाला तलावाचे ताजे पाणी बादलीत घालणे ही वसंतातली चांगली सवय जुलैमध्ये मिनोंच्या जिवावर उठते.

दुकानातलेच पाणी बरोबर घ्यावे, ते झाकणाच्या इन्सुलेटेड कूलरमध्ये ठेवावे, बॅटरीवर चालणारा, पाण्यात हवा सोडणारा एअरेटर अखंड चालू ठेवावा आणि पाणी २० अंशांच्या आसपास राहील असे पाहावे. थंडाव्यासाठी सुटा बर्फ टाकू नये. नळाच्या पाण्याच्या बर्फात क्लोरीन किंवा क्लोरामाइन असते आणि तो वितळत जाईल तसतसे मिनो मरू लागतात. प्लास्टिकच्या बाटलीत पाणी गोठवून ती बंद बाटलीच कूलरमध्ये ठेवावी. तापमान सावकाश उतरते आणि पाणीही दूषित होत नाही. गर्दी टाळावी. मिनोंच्या शरीरातून निघणारा अमोनिया बंद पाण्यात साचतो, म्हणून मेलेला मिनो दिसताक्षणी काढून टाकावा. पाण्यावर फेस साचू लागला की ते पाणी बिघडत चालले आहे असे समजावे.

एवढे करूनही गळाला लावलेला मिनो वीस-पंचवीस मिनिटांनी निस्तेज होत असेल तर तो दोष मानू नये. त्याला थंड पाण्यातून काढून गरम पाण्यात सोडलेले आहे. ऑगस्टमध्ये मिनो वारंवार बदलावे लागतात आणि त्यासाठी ते नेहमीपेक्षा जास्त न्यावे लागतात. ते दोन्ही ओठांतून, खालून वर असे ओवावेत. पाठीत ओवलेला मिनो पुढे ढकलताना आडवा होतो आणि फिरू लागतो.

मिनो खाल्ला जातो पण क्रॅपी हाती येत नाही, तेव्हा शेपूट तुटलेली दिसत असेल तर बहुधा ब्लूगिलसारखे छोटे मासे टोचत असतात. आमिष पुन्हा पुन्हा पूर्ण नाहीसे होऊन काठी खालच्या बाजूला जोरात ओढली जात असेल तर कॅटफिश किंवा ड्रम समजावा आणि सगळ्या काठ्या तीन-चार फूट वर घ्याव्यात. हा उपाय क्षुल्लक वाटतो, पण माझ्या अनुभवात आमिष बदलण्यापेक्षा त्याने अधिक वेळा काम केले आहे.

क्रँकबेटला काहीच लागत नसेल तर

येथे पहिला संशय खोलीवरच घ्यावा. क्रॅपीसाठी प्रचलित असलेल्या बँडिट ३०० या क्रँकबेटच्या बाबतीत उत्पादक ८ ते १२ फूट खोली सांगतात, पण ती फेकून ओढण्याची खोली असते. ट्रोलिंगमध्ये शंभर फूट तंगूस सोडला तर तो याहून थोडा खोल जातो, आणि त्याच क्रँकबेटला जाड तंगूस लावला तर पाण्याचा अवरोध वाढून तो वर राहतो. म्हणून सर्व काठ्यांना एकाच जाडीचा तंगूस आणि लांबी मोजणारी रीळ असणे हे उन्हाळी क्रँकबेटसाठी पैसे खर्च करण्यासारखे पहिले साधन आहे. रंगांचा दुसरा डबा नंतर घेता येईल. एका काठीला साठ फुटांवर मासा लागला तर बाकीच्या त्याच लांबीवर आणता येतात. मोजमाप नसेल तर लागलेला मासा पुढच्या माशाबद्दल काहीच सांगत नाही.

दुसरा संशय क्रँकबेटच्या सरळ जाण्यावर घ्यावा. नवा क्रँकबेटही एका बाजूला झुकून जातो, आणि असा क्रँकबेट आपली खोली गाठत नाही. शिवाय शेजारच्या तंगुसात गुंततो. होडीच्या कडेला, डोळ्यांसमोर, ट्रोलिंगच्या वेगाने त्याला ओढून पाहावे. मागून पाहताना तो डावीकडे जात असेल तर तंगूस बांधायची तारेची कडी पक्कडीने किंचित उजवीकडे वाकवावी, उजवीकडे जात असेल तर डावीकडे. किंचित म्हणजे खरोखरच किंचित; प्रत्येक वेळी पुन्हा पाण्यात पाहावे.

तिसरी गोष्ट कचऱ्याची. या तलावांत वाऱ्यानंतर आणि पाणी चढल्यानंतर पाने-काड्या तरंगत असतात. एक पान जिभेवर अडकले की क्रँकबेट मुकाट मागे येत राहतो. काठीच्या टोकाची थरथर थांबली असेल तर मासा नसला तरी ती काठी लगेच गुंडाळून पाहावी.

रंगाविषयी थोडक्यात: गढूळ पाण्यात नारिंगी, गुलाबी, शार्ट्रूझ (पिवळसर पोपटी) असे भडक रंग, स्वच्छ पाण्यात शॅडसारखे चंदेरी आणि पांढरे. याहून बारीक नियमांवर माझा विश्वास नाही.

मासे लागतात पण होडीपर्यंत येत नाहीत, ही क्रँकबेटची सर्वांत सामान्य तक्रार आहे आणि तिचे मूळ क्रॅपीच्या तोंडात आहे. तिच्या जबड्याभोवतीची त्वचा कागदाइतकी पातळ असते. ताठ काठी आणि न ताणणारा वेणीदार दोर एकत्र आले की वेगात घेतलेल्या झडपेने गळ तोंड फाडून निघतो. सुमारे दहा पौंडांचा नायलॉनचा तंगूस, मऊ वाकणारी काठी आणि सैल ठेवलेला ड्रॅग (मासा ओढेल तसा तंगूस सोडणारा रिळाचा ब्रेक) यांनी ही गळती बरीच थांबते. काठीला झटका देऊ नये, कारण चालत्या होडीनेच गळ रुतवलेला असतो. होडी न थांबवता एकसारखे गुंडाळत राहावे आणि मासा उचलून न घेता जाळ्यात घ्यावा.

मग कोणत्या दिवशी काय?

माझे मत स्पष्ट आहे. पृष्ठभागाचे पाणी २९-३० अंशांच्या वर गेले, मासे नदीपात्रावर विखुरलेले असले आणि त्यांचा ठावठिकाणा शोधायचा असला, तर सुरुवात क्रँकबेटने करावी. तासाभरात तो मिनोच्या तिप्पट पाणी पालथे घालतो, आणि शॅडच्या गर्दीत क्रॅपी भुकेपोटी न येता वेगाने जाणाऱ्या वस्तूवर प्रतिक्षिप्त झडप घालते, त्या सवयीचा तो उपयोग करून घेतो. वारा असलेल्या दिवशीही तोच बरा. लाटांवर नाळ खाली-वर होऊ लागली की पुढच्या लांब काठ्यांचे मिनो हातभर उसळत राहतात आणि क्रॅपी त्यांच्याकडे पाठ फिरवते.

मिनोची वेळ वेगळी. पहाटेचा शांत काळ, एखाद्या बुडालेल्या झाडाभोवती किंवा पात्राच्या वळणावर घट्ट जमलेला थवा, थंड वारा येऊन गेल्यानंतरचे सुस्त मासे, किंवा खुंटांनी भरलेला असा भाग जेथे तिहेरी गळांचे क्रँकबेट ओढणे म्हणजे ते गमावणे: या प्रसंगी सावकाश ढकललेला ताजा मिनो कोणत्याही प्लास्टिकपेक्षा सरस ठरतो. क्रँकबेटने थवा सापडला आणि मग त्याच ठिकाणी तीन फेऱ्यांत काही लागले नाही, तर इंजिन मंद करून मिनोकडे वळणे योग्य. दोन्ही सरंजाम बरोबर ठेवावेत, पण एका वेळी एकच पाण्यात असावा.

मधला मार्ग जिगचा आहे. सोळाव्या हिश्श्याच्या औंसाचा, वळवळत्या शेपटीचा जिग ताशी एक मैलाच्या आसपास ओढला तर तो दहा फुटांच्या आतल्या माशांसाठी चांगला चालतो, आणि त्याला लहान मिनो किंवा वासाची गोळी लावली तर गढूळ पाण्यात फायदा होतो. मिनो मिळणे कठीण असलेल्या ठिकाणी मी हाच पर्याय सुचवेन. मात्र शिसे हलके असल्याने वेगातला थोडासा फरकही त्याची खोली बदलतो, हे ध्यानात ठेवावे.

निघण्यापूर्वी त्या तलावाचे चालू वर्षाचे नियम राज्याच्या वन्यजीव व मत्स्य विभागाकडून पाहून घ्यावेत. माणशी किती काठ्या, किमान किती इंचांची क्रॅपी आणि दिवसाला किती, हे एकाच राज्यातल्या दोन तलावांत वेगळे असू शकते. तीस अंशांच्या पाण्यातून, विशेषतः वीस फुटांखालून, वर आणलेली क्रॅपी सोडून दिली तरी पुष्कळदा जगत नाही. म्हणून मर्यादेइतके मासे झाले की छोटे सोडत, मोठे निवडत बसू नये, काठ्या उचलाव्यात. उरलेले मिनो तलावात ओतू नयेत. तलावातून स्वतः जाळ्याने पकडलेले शॅडही दुसऱ्या तलावात नेऊ नयेत, कारण सिल्व्हर कार्प या बाहेरून आलेल्या, उपद्रवी माशाची पिल्ले शॅडसारखीच दिसतात आणि ती अशाच बादल्यांतून नव्या पाण्यात पोहोचू शकतात. उरलेले मिनो कोरड्या जागी कचऱ्यात टाकावेत आणि बादलीतले पाणी काठापासून दूर, जमिनीवर ओतावे.